खान्देशची दुपार आणि कैलूला

२५ मे २०२४ रोजी आमच्या जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लागू झाले. बातमी कळताच पुण्याच्या नणंदेचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला. "भाभी, काय झालं तिकडे? सगळे घरातच आहात ना?" १४४ म्हटले की आपल्या लोकांच्या मनात आधी दुसरेच काही येते. मी म्हटले, "अगं, भांडण कुणाशी नाही, उन्हाशी आहे." पारा ४५ अंशांच्या पुढे गेला होता. म्हणून ३ जूनपर्यंत असा हुकूम निघाला होता की भर उन्हात मजुरांना राबवू नये, कामाच्या जागी सावलीची आणि वाऱ्याची सोय असावी, खासगी शिकवण्यांनी दुपारचे वर्ग घेऊ नयेत.

"म्हणजे दुपारी आराम करा, असा सरकारी हुकूम!" नणंद हसून म्हणाली. मग सहज विचारले, "आता काय करत होतात?"

"काही नाही गं, कपड्यांच्या घड्या घालत होते."

हे साफ खोटे होते. मी कूलरसमोर आडवी झाले होते. फोन वाजताच उठून बसले, ओढणी सारखी केली आणि मगच बोलायला लागले. घरात पाहणारे कोणी नव्हते. पुण्याहून तर काहीच दिसत नव्हते. तरी मी घड्या घालत होते!

आडवे होण्याचे कारणही होते. १३ मे रोजी जळगाव आणि रावेर मतदारसंघांचे मतदान झाले. आम्हा शिक्षकांना निवडणुकीचे काम असतेच, ते मलाही होते. दोन दिवस धावपळ झाली, रात्री उशिरा घरी पोहोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लगेच गच्चीवर कुरडया घालायला बसले. कारण शेजारच्या सगळ्यांच्या कुरडया वाळून डब्यात गेल्या होत्या, माझ्याच राहिल्या होत्या. अकराच्या सुमारास डोळ्यांपुढे अंधारी आली. दोष कुणाचा नाही. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे माझे मलाच आठवत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, मीठ-साखरेचं पाणी घ्या, आणि दुपारी दोन तास आडवं व्हा. महिनाभर." गोळ्या लिहून दिल्या असत्या तर मी वेळच्या वेळी घेतल्या असत्या. आडवे होणे मात्र मला जमेना.

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. त्या पडल्या पडल्या एक गोष्ट लक्षात आली. मराठीत बाई "मी आराम करते" असे सहसा म्हणत नाही. ती म्हणते, "जरा पाठ टेकते", "घटकाभर लवंडते". झोप लागलीच तर म्हणते, "डोळा लागला", जणू लागला तो डोळा, तिचा त्यात काही हात नाही. मराठीत वामकुक्षी असा भारदस्त शब्द आहे, पण तो मी कुठल्या बाईबद्दल ऐकलेला नाही. उर्दूची गतही तीच. लहानपणी आमच्या घरात "अब्बा आराम फर्मा रहे हैं" हे वाक्य रोज ऐकू यायचे. अम्मीसाठी ते कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

शेवटी यांनीच सुचवले, "चार दिवस माहेरी जाऊन ये. इथे राहिलीस तर कपाटं आवरायला काढशील." रविवारी, २६ तारखेला, पहाटेची बस धरून मी धुळ्याला निघाले. ऊन चढायच्या आत पोहोचायचे होते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. सरकारने भाडे अर्धे केले, आता कामे अर्धी करणारे कोणी भेटले तर बरे.

जळगाव ते धुळे हा साधारण नव्वद किलोमीटरचा रस्ता आहे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. मे महिन्यात दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी ढेकळे दिसतात. अनोळखी माणसाला ती ओसाड वाटतील. शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की जमीन तापू द्यावी लागते, तशीच पडू द्यावी लागते, तरच पुढे पीक धरते. जिथे विहिरीला पाणी आहे तिथे ठिबकच्या नळ्या पसरून कापसाच्या लागवडीची तयारी चालली होती. पहाटे सहालाच बायका वावरात वाकलेल्या दिसत होत्या.

एरंडोलला शेजारी एक म्हातारी येऊन बसली. मांडीवर गाठोडे. "कथा जाई ऱ्हायनी, माय?" तिने अहिराणीत विचारले. धुळ्याला, माहेरी, असे सांगितले. बोलता बोलता कळले की ती स्वतः अजून मजुरीला जाते. या दिवसांत सहाला वावरात जायचे आणि अकराच्या आत घरी यायचे. मग? मग निंबाखाली पडायचे, उन्हे उतरेपर्यंत. मी विचारले, "झोप लागते?" तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू या मास्तरणीला साधे काही कळत नाही. "ढोरे बी सावलीमा बठतस व माय," ती म्हणाली. गुरेढोरेसुद्धा सावलीत बसतात. पारोळ्याला ती उतरून गेली. तिच्या दुपारच्या झोपेत अपराधीपणाचा लवलेशही नव्हता. मात्र हेही खरे की निंबाखाली पडलेल्या त्या बाया सगळ्या एकदमच पडतात. एक झोपली आणि दुसरी तिच्या वाट्याचे खुरपते आहे, असे तिथे होत नाही.

धुळ्यात पांझरा कोरडी होती. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने खान्देशचा कारभार इथे आणला आणि गाव वाढले. १९०६ साली खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. लग्नाने मी पश्चिमेची पूर्वेला गेले, एवढाच या इतिहासाशी माझा संबंध. आमचे घर मौलवीगंजच्या बाजूला आहे. गल्लीत शिरले की आधी पॉवरलूमची खटखट कानावर येते, मग घर दिसते.

अब्बा लूमवर कामाला होते. बारा बारा तासांच्या पाळ्या. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात ते सकाळी येऊन झोपायचे आणि घर चिडीचूप व्हायचे. आम्ही भावंडे पाटीवर पेन्सिलसुद्धा हळू चालवायचो. ते योग्यच होते, बारा तास लूमसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा तो हक्कच होता. शुक्रवारी लूम बंद. इथून जवळच्या मालेगावात तर शुक्रवारी लूम थांबले की सगळ्या गावाचाच आवाज बदलतो. लहानपणी मला वाटायचे की सुट्टी ही अशीच, आभाळातून पडते. बीएड करताना नारायण मेघाजी लोखंड्यांबद्दल वाचले तेव्हा कळले की तीही कुणीतरी मागून घेतलेली आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंडे काही वर्षे ती मागत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानात सुमारे दहा हजार कामगार जमले, आणि त्या सभेत दोन कामगार बायकाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या दोघी काय बोलल्या असतील, याचा मी वर्गात हा धडा घेताना नेहमी विचार करते. गिरणीतला रविवार त्यांना मिळाला. घरी गेल्यावर चुलीचा रविवार कोणाकडे मागितला असेल?

आता घरातल्या दुपारीविषयी.

अम्मीचे वय सत्तरीच्या पुढे आहे. अब्बा जाऊन नऊ वर्षे झाली. घरात भाई, भाभी आणि त्यांची दोन मुले. सोमवारी जुहरची नमाज झाली, जेवणे झाली. भाई कूलरसमोर पसरला, मुले मोबाइल घेऊन कोपऱ्यात गेली, भाभी मोरीत भांड्यांना बसली. मला सगळ्यांनी दटावून पलंगावर पाठवले, पेशंट म्हणून. अम्मी भिंतीला टेकून सुपात तांदूळ घेऊन बसली. मी डोळे किलकिले करून पाहत होते. पाच मिनिटांत तिची मान कलली, हात सुपात तसाच राहिला. छान झोप लागली होती तिला. तेवढ्यात दाराची कडी वाजली. शेजारचा मुलगा बर्फ मागायला आला होता. कडीच्या आवाजासरशी अम्मीची बोटे तांदळात फिरू लागली. डोळे उघडायच्या आधी बोटे फिरली!

मी उठून तिच्याजवळ जाऊन बसले. "अम्मी, तांदूळ तर केव्हाच निवडून झालेत."

तिने सुपाकडे पाहिले आणि चोरी पकडल्यासारखी हसली. "आदत आहे बेटा."

"केव्हापासून?"

"तुझी दादी होती तेव्हापासून. सून दुपारी झोपलेली दिसली तर लोक काय म्हणतील, असं वाटायचं. दादी काही बोलायची नाही हां, अल्लाह तिला जन्नत देवो. पण कडी वाजली की माझा हात आपोआप चालायचा." मग जरा थांबून म्हणाली, "दादी पण अशीच बसायची. तिच्या हातात तसबीह असायची. दोघी एकमेकींसमोर बसून झोपायचो आणि दोघींना वाटायचं दुसरी जागी आहे."

मी हसले खरी, पण पुण्याच्या फोनवरच्या घड्या मला आठवल्या. यांच्या मोटरसायकलचा आवाज गल्लीत आला की मी पलंगावरून उठून ओट्याशी उभी राहते, हेही आठवले. यांनी आजवर एका शब्दाने विचारलेले नाही की झोपली होतीस का. तरी मी उभी राहते. दादीची तसबीह, अम्मीचे सूप, माझी कपड्यांची घडी. तिन्ही पिढ्यांनी झोप घेतली, पण चोरून.

आणि हे सारे आपल्या घरांत, जिथे दुपारच्या झोपेला स्वतंत्र नाव आहे. कैलूला. आमच्या मकतबमध्ये मौलाना सांगायचे की कैलूला ही सुन्नत आहे. सहाबा जुम्याच्या दिवशी जेवण आणि कैलूला नमाजनंतर करत, असे हजरत सहल बिन साद (रजि.) यांनी सांगितल्याचे सहीह बुखारीत आहे. ऊन कडक असेल तर जुहरची नमाज थोडी थंडाव्याला नेण्याची सवलतही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिली आहे. मदीनेचे ऊन आणि भुसावळचे ऊन यांत फार फरक नसावा. पण मला त्या दुपारी सर्वांत जास्त आठवली ती सूरह नूरची अठ्ठावन्नावी आयत. तिच्यात दिवसातल्या तीन वेळा सांगितल्या आहेत, जेव्हा घरातल्या नोकरांनी आणि लहान मुलांनीसुद्धा विचारल्याशिवाय आत येऊ नये. फजरच्या आधी, इशानंतर, आणि दुपारी, जेव्हा उन्हामुळे माणूस कपडे सैल करून पडतो. ही आयत मी मुलांना कितीदा शिकवली असेल, घरात येताना परवानगी घ्यावी म्हणून. पण तिच्यात हे गृहीतच धरले आहे की दुपारी घरातली माणसे पडलेली असतील, आणि ती वेळ त्यांची आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. कडी वाजवणाऱ्याने विचारायचे आहे. आत पडलेलीने तांदूळ निवडायचे नाहीत.

हजरत सलमान फारसी (रजि.) आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांचा प्रसंग वाचकांना ठाऊक आहेच. अबू दरदा दिवसा रोजे ठेवत आणि रात्रभर नमाजीत उभे राहत. सलमान (रजि.) पाहुणे म्हणून आले, त्यांना आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले, रात्रीच्या अखेरीस उठवून दोघांनी नमाज पढली. मग समजावले की तुमच्यावर तुमच्या रबचा हक्क आहे, स्वतःच्या जिवाचा हक्क आहे आणि घरच्यांचाही हक्क आहे. प्रेषितांनी (स.) सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. आपण हा प्रसंग सांगताना बहुधा सुरुवात गाळतो. सलमान (रजि.) यांना घरात काही बिघडले आहे हे कळले ते अबू दरदांच्या पत्नीला पाहून. ती स्वतःकडे दुर्लक्ष केल्यासारखी, साध्या मळक्या कपड्यांत होती. आधी नजर तिच्याकडे गेली, विश्रांतीची गोष्ट नंतर निघाली.

हे मी रात्री भाईला सांगितले. भाभी तिथेच पोळ्या लाटत होती. भाई म्हणाला, "अरे, मी कधी कोणाला झोपू नको म्हटलंय?" खरेच, त्याने कधीच म्हटलेले नाही. अडचण तिथेच आहे. कोणी मनाई केली असती तर भांडता आले असते. इथे मनाई कोणाचीच नाही, फक्त सव्वा वाजता जेवण, दोनला भांडी, साडेतीनला चहा अशी कामे एकाच बाईच्या अंगावर अशी लागोपाठ येतात की मध्ये पडायला जागाच राहत नाही. आणि आपण पडलो तर ते काम आपल्याच घरातल्या दुसऱ्या बाईच्या अंगावर जाते. मी पलंगावर पडले तेव्हा भाभी मोरीत होती. अशी झोप टोचणारच. त्या टोचणीला मी इतके दिवस माझा स्वभाव समजत होते.

शुक्रवारी फजरनंतर भाईने जीप काढली. "चल, तुला थाळनेर दाखवतो. अकराच्या आत परत." आग्रा रोडने सोनगीर, नरडाणा मागे टाकून सावळद्याला तापीचा पूल ओलांडला आणि शिरपूर तालुक्यात शिरलो. थाळनेर हे फारुकी घराण्याचे पहिले ठाणे. १३७० च्या सुमारास मलिक राजाला फिरोजशाह तुघलकाने थाळनेर आणि करवंदचा मुलूख दिला आणि तिथून खान्देशच्या सुलतानांची सुरुवात झाली. पुढे बुऱ्हाणपूर वसले, राजधानी तिकडे गेली आणि १६०१ साली असिरगड अकबराकडे गेल्यावर ते राज्य संपले. तापीकाठचा किल्ला आता ढासळला आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी तो घेतला आणि किल्लेदाराला फाशी दिले. नदीच्या बाजूला उरलेल्या भिंतीवर सकाळी बगळे बसले होते.

गावाजवळ फारुकी सुलतानांच्या कबरींचे घुमट आहेत. मलिक राजा १३९९ साली गेला, त्याचा मुलगा मलिक नसीर १४३७ साली. एक घुमट अष्टकोनी आहे, त्याच्या दगडावरचे कोरीव काम इतके बारीक आहे की हात लावावासा वाटतो आणि लावायला भीतीही वाटते. आत गार होते. बाहेर नऊ वाजताच डोळे दिपत होते आणि आत शेळ्या सावली धरून निवांत बसल्या होत्या. आम्ही फातिहा पढलो. अम्मी उंबऱ्याशी टेकून बसली. भाईचा मुलगा, सातवीतला, म्हणाला, "फूफी, उर्दूत याला आरामगाह म्हणतात ना?"

म्हणतात. आखरी आरामगाह. मी म्हटले, "हो," आणि मनात आले की आमच्या घरात आराम हा शब्द बायकांसाठी बिनदिक्कत वापरला जातो तो इथे आल्यावरच. दादीच्या कबरीबद्दल आम्ही म्हणतोच की ती आराम करते आहे. ती हयात असताना तिच्या हातात तसबीह होती.

हे मी मोठ्याने बोलले नाही. अम्मी गार दगडाला पाठ लावून डोळे मिटून बसली होती. या वेळी तिच्या हातात काही नव्हते. पंधरा मिनिटे आम्ही कोणी तिला हाक मारली नाही.

साडेदहाला घरी परतलो. पुरुष जुम्याला गेले. आल्यावर आमरस-पोळी झाली. ताटे उचलायला भाभी उठली तेव्हा अम्मी म्हणाली, "राहू दे. भांडी असरनंतर."

"अम्मी, माश्या बसतील."

"पाणी घालून ठेव. माश्या पाण्यात पडत नाहीत. झोप."

भाई उठला. ताटे एकावर एक रचून मोरीत नेली आणि वरून बादलीभर पाणी ओतले. अर्धे पाणी त्याच्या पायजम्यावर पडले. घरकामात हात घालणे हीही सुन्नत आहे. प्रेषित (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात असत, हे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. ते भाईला पाठ होते, एवढेच की आजवर त्या हदीसला मोरीपर्यंत जायची वेळ आली नव्हती. अम्मीने आतून दाराची कडी लावली. भाभी आधी अवघडून बसली, मग भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. ती इतकी गाढ झोपली की असरची अजान झाली तरी उठेना, आणि उठल्यावर तिने पहिले वाक्य म्हटले, "माफ करा, डोळा लागला." भांडी आम्ही तिघींनी घासली, भाईच्या मुलाने विसळली. त्याने एक काचेचा पेला फोडला.

रविवारी मी जळगावला आले. सोमवारी ३ जून, १४४ चा शेवटचा दिवस. दुपारी मी जुहर पढून, जेवून, खिडकीला ओला पडदा लावून आडवी झाले. हे दुकानातून उशिरा जेवायला येतात. पावणेतीनला गल्लीत मोटरसायकलचा आवाज आला. खोटे कशाला बोलू, मी उठून बसले होते. पाय खाली टेकले होते. मग तसेच वर घेतले.

हे आत आले, मला पाहिले आणि म्हणाले, "पडून राहा. ताट मी घेतो."

मी डोळे मिटले. त्यानंतर हे दोनदा खोलीत आले. एकदा लोणच्याची बरणी कुठे आहे हे विचारायला, आणि दुसऱ्यांदा, झाकण कोणत्या बाजूला फिरते ते विचारायला.